आधी नाक, मग स्कॅन

कंपवाताचं निदान आजही डॉक्टर डोळ्यांनीच करतात. रुग्णाला अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर भराभर आपटायला सांगतात. सुरुवातीला ऐसपैस उघडणारी बोटं दहा-बारा वेळांत आखडत जातात, मध्येच अडतात. मग खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायला लावतात. एक हात झुलतो, दुसरा अंगाला चिकटून राहतो. मनगट धरून हळूच फिरवलं तर ते सरळ न वळता टप्प्याटप्प्यानं वळतं. एवढ्यावर अनुभवी न्यूरॉलॉजिस्टचं निदान बहुतेक वेळा बरोबर येतं. साध्या एमआरआयमध्ये हा आजार दिसत नाही. ‘एमआरआय नॉर्मल आहे’ हे ऐकून निश्चिंत झालेली आणि वर्षभरानं वडिलांना घेऊन पुन्हा आलेली कुटुंबं डॉक्टरांना नवीन नाहीत.

या पद्धतीचं घोडं अडतं ते वेळेपाशी. मध्यमेंदूत सबस्टॅन्शिया नायग्रा नावाचा काळसर पट्टा असतो. त्यातल्या पेशींचे लांब तंतू वर स्ट्रायटमपर्यंत जातात आणि तिथे डोपामिन सोडतात. ओलेह हॉर्नीकिविझ आणि हर्बर्ट एहरिंगर यांनी १९६० साली व्हिएन्नात कंपवातानं गेलेल्या रुग्णांचे मेंदू तपासून दाखवलं की स्ट्रायटममधलं डोपामिन खूपच घटलेलं असतं. पुढे हेही स्पष्ट झालं की हात झुलायचा थांबतो त्या दिवसापर्यंत नायग्रातल्या जवळपास निम्म्या पेशी गेलेल्या असतात, आणि स्ट्रायटमच्या पुटॅमेन या भागातलं डोपामिन त्याहूनही अधिक ओसरलेलं असतं. म्हणजे लक्षण दिसण्याआधी आजार कित्येक वर्षं बिनबोभाट चालू असतो.

ही मधली वर्षं बाहेरून पाहता येतील का, हा प्रश्न सगळ्यात जास्त छळतो तो रुग्णाच्या मुलांना आणि भावंडांना. आईचा हात थरथरताना पाहिलेल्या माणसाला स्वतःचा चहाचा कप जरा हलला तरी धडकी भरते. सख्ख्या नात्यात एक रुग्ण असेल तर धोका सर्वसाधारण माणसाच्या सुमारे दोन ते तीन पट असतो. ऐकायला हे भयंकर वाटतं. पण मुळात सर्वसाधारण माणसाचा आयुष्यभराचा धोकाच शंभरात एक-दोन इतका आहे. त्यामुळे रुग्णांच्या मुलांपैकी शंभरातल्या नव्वदहून अधिक जणांना हा आजार कधीच होत नाही. पुढचं सगळं वाचताना हा हिशेब मनात ठेवावा.

लक्षणाआधीचा आजार मेंदूच्या चित्रात दिसू शकतो याचा पहिला ठोस पुरावा एका दुर्घटनेतून मिळाला. १९८२ साली कॅलिफोर्नियात काही तरुण व्यसनी अचानक ताठरले. बोलता येईना, हलता येईना; वय विशी ते चाळिशी आणि अवस्था मात्र म्हाताऱ्या कंपवातग्रस्ताची. न्यूरॉलॉजिस्ट विल्यम लँगस्टन यांनी छडा लावला. चोरून बनवलेल्या कृत्रिम हेरॉइनमध्ये एमपीटीपी नावाचा पदार्थ चुकून तयार झाला होता आणि त्यानं नेमक्या नायग्रातल्या पेशी मारल्या होत्या. तोच माल टोचून घेऊनही वरवर ठणठणीत राहिलेली मंडळीही होती. कॅनडात व्हँकूव्हरच्या डोनाल्ड कॅल्न यांच्या गटानं त्यांच्यापैकी काहींच्या मेंदूचं पेट स्कॅन केलं आणि १९८५ साली ‘नेचर’मध्ये निष्कर्ष छापला. लक्षण एकही नव्हतं, पण स्ट्रायटममधलं डोपामिनचं काम मंदावलेलं चित्रात स्पष्ट दिसत होतं.

हे पेट स्कॅन तेव्हा अगदी नवं होतं. कॅनडातल्याच हॅमिल्टन शहरात गार्नेट, फिरनाऊ आणि नाहमियास यांनी १९८३ मध्ये ते पहिल्यांदा करून दाखवलं होतं. युक्ती साधी आहे. डोपामिन ज्या कच्च्या मालापासून बनतं त्या डोपाला किरणोत्सारी फ्लोरिन जोडायचं आणि शिरेतून द्यायचं. नायग्राच्या पेशींची टोकं तो माल उचलून साठवतात आणि कॅमेऱ्यात ती जागा उजळते. हे फ्लोरिन ११० मिनिटांत निम्मं होतं, त्यामुळे ते बनवणारं सायक्लोट्रॉन जवळपास असावं लागतं. दुसरी पद्धत स्पेक्टची. पेशींच्या टोकांवर सांडलेलं डोपामिन परत आत ओढून घेणारे वाहक असतात. त्यांनाच चिकटणारं औषध द्यायचं. युरोपात २००० साली आणि अमेरिकेत २०११ साली मान्यता मिळालेलं डॅटस्कॅन याच जातीचं. त्यात १३ तासांनी निम्मं होणारं आयोडिन असतं. आपल्याकडे जास्त चालतं ते ट्रोडॅट. त्यात टेक्निशियम असतं, आणि टेक्निशियमचा जनरेटर न्यूक्लिअर मेडिसिनच्या कुठल्याही बऱ्यापैकी विभागात असतोच.

प्रत्यक्षात काय होतं तेही सांगतो, कारण ‘न्यूक्लिअर’ हा शब्द ऐकून लोक उगाच धास्तावतात. दंडातल्या शिरेत एक इंजेक्शन मिळतं. मग तीन-चार तास नुसतं बसायचं, कारण औषध मेंदूत स्थिरावायला आणि इतर ठिकाणाहून ओसरायला तेवढा वेळ लागतो. त्यानंतर अरुंद टेबलावर उताणं झोपायचं, डोकं खाचेत ठेवून पट्ट्यानं बांधतात. कॅमेऱ्याची दोन सपाट तोंडं कानांच्या जितकं जवळ येता येईल तितकं येतात आणि अर्धा-पाऊण तास डोक्याभोवती सावकाश फिरतात. दुखत काही नाही. मान अवघडते आणि नाकाला नेमकी तेव्हाच खाज सुटते. पडद्यावर काळ्या पार्श्वभूमीवर दोन चकाकते स्वल्पविराम उमटतात, एकमेकांकडे तोंड केलेले. कंपवातात त्यांच्या शेपट्या आधी पुसट होतात आणि पुढे गळतात. उरतात दोन ठिपके. आधी शेपटी जाते ती बहुधा ज्या हाताला त्रास आहे त्याच्या विरुद्ध बाजूची. रेडिओलॉजिस्टच्या बोलण्यात ‘कॉमाचा फुलस्टॉप झालाय’ हे वाक्य येतं ते इथून.

स्कॅननं आनुवंशिकतेबद्दलचा समजही हलवला, आणि तोही १९९९ या एकाच वर्षात. अमेरिकेत कॅरोलिन टॅनर यांनी दुसऱ्या महायुद्धातल्या माजी सैनिकांमधल्या जुळ्या भावांची पाहणी केली. आजार पन्नाशीनंतर सुरू झाला असेल, तर एकसारख्या जुळ्यांत दोघांनाही कंपवात असण्याचं प्रमाण साध्या जुळ्यांपेक्षा फारसं वेगळं निघालं नाही. यावरून निघणारा अर्थ सरळ होता, की उतारवयातल्या कंपवातात जनुकांचा वाटा किरकोळ आहे. त्याच वर्षी लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयातल्या पाओला पिचिनी आणि डेव्हिड ब्रूक्स यांच्या गटानं ३४ जुळ्या जोड्यांचे पेट स्कॅन छापले. या जोड्यांत एकाला कंपवात होता आणि दुसरा धडधाकट होता. एकसारख्या जुळ्यांमध्ये ५५ टक्के जोड्यांत त्या ‘धडधाकट’ भावंडाच्या मेंदूतही डोपामिनचं काम कमी आढळलं. साध्या जुळ्यांमध्ये हे प्रमाण १८ टक्के होतं. टॅनर लक्षणं मोजत होत्या, पिचिनी त्याच्या आधीची पडझड मोजत होत्या. माझ्या मते या क्षेत्रातला हा सर्वांत बोलका विरोधाभास आहे. दवाखान्यात निरोगी ठरलेला माणूस स्कॅनमध्ये निरोगी नसतो, हे इथे आकड्यांत दिसलं.

मग सगळ्याच नातेवाइकांचे स्कॅन का करू नयेत? कारण स्कॅन महाग आहे, किरणोत्सारी आहे आणि मुख्य म्हणजे गणित जमत नाही. समजा, एक हजार रुग्णांच्या पन्नाशीपुढच्या हजार मुलांना बोलावलं आणि येत्या चार-पाच वर्षांत त्यांच्यापैकी दहा जणांना कंपवात होणार आहे. स्कॅन शंभरातल्या पाच निरोगी माणसांच्या बाबतीत चुकत असेल, तर जवळपास पन्नास जणांच्या हातात विनाकारण वाईट रिपोर्ट पडेल. दहांसाठी पन्नास जणांचा जीव टांगणीला. म्हणून स्कॅनच्या आधी एक स्वस्त चाळणी हवी होती. ती मिळाली नाकात.

कंपवाताच्या बहुतेक रुग्णांना वास नीट येत नाही, आणि ही खोट हात थरथरण्याच्या कित्येक वर्षं आधीपासून असू शकते. जर्मनीचे शरीररचनातज्ज्ञ हायको ब्राक यांनी २००३ साली मांडलं की लेवी पिंडांची, म्हणजे अल्फा-सायन्युक्लिन या प्रथिनाच्या गुठळ्यांची, सुरुवात बऱ्याचदा गंधकंदात आणि आतड्याकडे जाणाऱ्या व्हेगस मज्जातंतूच्या मुळाशी होते. नायग्राची पाळी नंतर येते. सगळ्या रुग्णांना हा क्रम लागू पडत नाही, पण नाक आधी का बिघडतं हे त्यातून कळतं.

ॲमस्टरडॅममधल्या व्रिये विद्यापीठाच्या गटानं या नाकाचा फार हुशारीनं उपयोग केला. मिर्थे पॉनसेन आणि हेंक बेरेंडसे यांनी कंपवाताच्या रुग्णांचे आई-वडील, भावंडं आणि मुलं मिळून ३६१ निरोगी नातेवाईक घेतले आणि सगळ्यांची गंधचाचणी केली. ज्यांचं नाक सर्वांत मंद होतं असे ४० आणि ज्यांचं तल्लख होतं असे ३८ वेगळे काढले, आणि स्कॅन करून वाट पाहिली. दोन वर्षांत मंद नाकाच्या चाळिसांपैकी चौघांना कंपवात झाला. चौघांच्याही सुरुवातीच्या स्कॅनमध्ये वाहकांचं प्रमाण आधीच बरंच घटलेलं होतं. तल्लख नाकाच्या गटात एकालाही झाला नाही. २००४ साली छापलेला हा अभ्यास आकारानं लहान आहे, पण नातेवाइकांच्या बाबतीत कुणाचं स्कॅन करायचं याचा पहिला नीट रस्ता त्यानं दाखवला.

अमेरिकेत पार्स या नावानं ओळखल्या जाणाऱ्या अभ्यासानं हाच रस्ता रुंद केला. त्यात पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या रिचर्ड डॉटी यांची ४० वासांची पुस्तिका टपालानं घरी पाठवली. पानावरची पट्टी पेन्सिलीनं खरवडायची, हुंगायचं आणि चार पर्यायांतला एक निवडायचा. रुग्णांचे सख्खे नातेवाईक आणि इतरही लोक मिळून सुमारे पाच हजार जणांनी ती भरून परत पाठवली. ज्यांचा निकाल त्यांच्या वयाच्या आणि लिंगाच्या मानानं तळाच्या १५ टक्क्यांत लागला त्यांना स्कॅनसाठी बोलावलं. तुलनेसाठी चांगल्या नाकाचेही काही घेतले. मंद नाकवाल्यांपैकी ११ टक्क्यांच्या स्कॅनमध्ये ठळक तूट निघाली, तर चांगल्या नाकवाल्यांत फक्त एका टक्क्यात. मंद नाकाच्या १५२ जणांचा पुढे चार वर्षं पाठपुरावा झाला. ठळक तूट असलेल्या २१ जणांपैकी १४ जणांना कंपवात झाला. मध्यम तूट असलेल्या २२ पैकी दोघांना झाला. आणि स्कॅन स्वच्छ असलेल्या १०९ पैकी तिघांना.

शेवटच्या तीन वाक्यांवर जरा थांबायला हवं. २१ पैकी सात जण वाईट स्कॅन घेऊनही चार वर्षांनी आजाराच्या बाहेर होते. पुढे कधी होईल की नाही हे त्या आकड्यांतून कळत नाही. १०९ पैकी तिघांनी मात्र स्वच्छ स्कॅनच्या भरवशावर निर्धास्त राहण्यात अर्थ नाही हे दाखवून दिलं. तरीही एका स्वस्त चाचणीनं गाळून घेतल्यावर स्कॅनला इतकी धार येते, हे मान्य करावंच लागेल.

नाकाच्या जोडीला झोपही तितकीच महत्त्वाची चाळणी आहे. स्वप्न पडतानाच्या झोपेत एरवी आपले स्नायू लुळे असतात. काहींचे ते तसे राहत नाहीत. मग माणूस स्वप्नातल्या चोराला खरोखरच बुक्क्या मारतो आणि त्या बहुधा शेजारी झोपलेल्या बायकोला बसतात. ही तक्रार घेऊन येतेही तीच. रोनाल्ड पोस्तुमा यांनी २०१९ साली जगभरातल्या केंद्रांमधल्या अशा १२८० जणांची माहिती एकत्र केली. बारा वर्षांत त्यांच्यापैकी जवळपास तीन-चतुर्थांश जणांना कंपवात किंवा त्याच कुळातला दुसरा आजार झाला. नातं असो वा नसो, हे लक्षण आईच्या आजारापेक्षा कितीतरी अधिक बोलतं.

जनुकांची वाट वेगळी आहे. एलआरआरके-२ या जनुकातला जी-२०१९-एस हा बदल अश्केनाझी ज्यू आणि उत्तर आफ्रिकेतल्या बर्बर कुटुंबांत वारंवार सापडतो. भारतीय रुग्णांत तो क्वचितच मिळतो. तो बदल असलेल्या सगळ्यांना आजार होत नाही, पण अशा निरोगी माणसांच्या स्कॅननं एक मोलाची गोष्ट शिकवली. व्हँकूव्हरच्या गटाला त्यांच्यात वाहकांची संख्या आधी घटलेली दिसली, तर डोपा उचलण्याचं काम बराच काळ सुरळीत होतं. उरलेल्या पेशी जास्त राबून तूट भरून काढतात आणि सांडलेलं डोपामिन परत ओढण्याची घाई करत नाहीत, असा त्याचा अर्थ लावला जातो. घरातला एक कमावता गेला की उरलेले ओव्हरटाइम करतात, तसं. म्हणून अगदी लवकर पाहायचं तर वाहक मोजणारं स्कॅन डोपाच्या स्कॅनपेक्षा सरस ठरतं.

बाकीच्या पद्धतींना एकेक ओळ पुरे. जर्मनीत गेऑर्ग बेकर यांनी १९९५ साली कानशिलातून सोनोग्राफी करून नायग्रा जास्त चमकते हे दाखवलं. पण सुमारे दहा टक्के निरोगी माणसांचीही ती चमकते. ३ टेस्ला एमआरआयमध्ये निरोगी नायग्राचा एक भाग पाकोळीच्या दुभंगलेल्या शेपटीसारखा दिसतो आणि कंपवातात ती शेपटी हरवते. हृदयाच्या मज्जातंतूंचं एमआयबीजी स्कॅन जपानमध्ये मुरलेलं आहे. झोपेत हातपाय मारणाऱ्या काही रुग्णांत हृदयाचं स्कॅन आधी बिघडतं आणि मेंदूचं नंतर. आजाराची सुरुवात सगळ्यांत एकाच ठिकाणी होत नाही, याला हा चांगला पुरावा आहे.

स्कॅनची खरी मर्यादा ही, की ते डोपामिनच्या टोकांचं चित्र आहे. ती टोकं का गेली हे ते सांगत नाही. अल्फा-सायन्युक्लिनच्या गुठळ्या जिवंत माणसाच्या मेंदूत थेट दाखवणारं आणि कंपवातात भरवशाचं ठरणारं स्कॅन अजून दवाखान्यापर्यंत आलेलं नाही. ती उणीव पाठीतून काढलेल्या पाण्यानं काही अंशी भरली. मायकेल जे. फॉक्स फाउंडेशनच्या २०१० साली सुरू झालेल्या पीपीएमआय प्रकल्पात १,१२३ जणांचं मणक्यातलं पाणी तपासलं. त्यात बिघडलेल्या प्रथिनाचं बी आहे का हे पाहणारी चाचणी कंपवाताच्या ८७.७ टक्के रुग्णांत होकारार्थी आली. एलआरआरके-२ असलेल्या रुग्णांत मात्र ६७.५ टक्क्यांतच. हा निष्कर्ष २०२३ चा. २०२४ मध्ये संशोधकांच्या एका गटानं प्रथिन आणि स्कॅन या दोन खुणांवर आजाराचे टप्पे ठरवले. त्यात लक्षण नसलेल्या, पण दोन्ही खुणा असलेल्या माणसालाही एक टप्पा आहे. अनेक न्यूरॉलॉजिस्टनी त्यावर नाराजी व्यक्त केली, आणि ती मला रास्त वाटते. हे टप्पे संशोधनापुरते आहेत असं मांडणारेच सांगतात. पण कागदावर छापलेला टप्पा दवाखान्यात यायला वेळ लागत नाही.

आता आपल्याकडे येऊ. नादिर भरुचा आणि सहकाऱ्यांनी मुंबईच्या पारशी वसाहतींमध्ये केलेली पाहणी १९८८ साली प्रसिद्ध झाली. त्यांना लाखामागे सुमारे ३२८ रुग्ण आढळले. त्या काळातल्या जगभरच्या आकड्यांत हा फार वरचा होता. या समाजात ज्येष्ठांचं प्रमाण मोठं आहे, हे त्यामागचं एक कारण. अमेरिकेतली गंधपुस्तिका मात्र इथे जशीच्या तशी चालत नाही. तिच्यात रूट बीअर, विंटरग्रीन आणि सीडर आहे. सदाशिव पेठेतल्या आजोबांना ते ओळखू आले नाहीत तर दोष त्यांच्या नाकाचा नाही. त्यासाठी इथल्या ओळखीच्या वासांच्या चाचण्या हव्यात.

ट्रोडॅट किंवा एफ-डोपाचं स्कॅन आपल्या मोठ्या शहरांत होतं, आणि योग्य जागी ते फार उपयोगी पडतं. उदाहरणार्थ, चक्कर थांबावी म्हणून सिनॅरिझिन किंवा फ्लुनॅरिझिन महिनोन् महिने चालू राहिलं की ज्येष्ठांत हुबेहूब कंपवात दिसू लागतो. उलटीवरच्या मेटोक्लोप्रामाइडनंही तसंच होतं. यात नायग्रा शाबूत असते, स्वल्पविराम पूर्ण दिसतात, आणि गोळी थांबवल्यावर बहुतेक रुग्ण हळूहळू सुधारतात. अमेरिकेच्या एफडीएनंही डॅटस्कॅनला मान्यता दिली ती नुसता कंप आणि कंपवात यांच्यातला फरक ओळखायला. २०२२ मध्ये त्यात लेवी पिंडांच्या स्मृतिभ्रंशाची भर पडली. निरोगी नातेवाइकांची चाळणी त्या मान्यतेत बसत नाही.

आणि बसवून तरी काय करणार? लेव्होडोपा लक्षणं कमी करतं, आजाराची चाल थांबवत नाही. चाल थांबवेल असं सिद्ध झालेलं एकही औषध २०२५ पर्यंत हाती आलेलं नाही. मधुमेहावरच्या एक्झेनाटाइडवर बरीच आशा होती, तीही मोठ्या चाचणीत फोल ठरली. त्यामुळे निरोगी नातेवाइकाचं स्कॅन ही आज तरी संशोधनाची गरज आहे. पुढचं औषध लवकरच्या टप्प्यात तपासायचं तर कुणाला द्यायचं, हे ठरवायला स्कॅनच लागणार आहे. अशा अभ्यासात कुणी रीतसर संमती घेऊन बोलावलं तर जरूर जावं. निकाल कळवून घ्यायचा की नाही, हे मात्र आधीच ठरवावं. जाहिरात पाहून स्वतःच्या खिशातून स्कॅन करून घेणं मला पटत नाही.

तुमच्या आई-वडिलांना किंवा भावंडाला कंपवात असेल, तर पन्नाशीनंतर तीन गोष्टींकडे लक्ष असू द्या. फोडणीचा, कॉफीचा, अगरबत्तीचा वास पूर्वीसारखा येतो का? झोपेत आरडाओरडा किंवा हाणामारी होते का? हे शेजारी झोपणाऱ्याला विचारा. चालताना एक हात झुलायचा थांबलाय का? यातलं काही दिसलं तर न्यूरॉलॉजिस्टकडे जा, चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची यादी सोबत न्या, आणि स्कॅन करायचं की नाही हे त्यांना ठरवू द्या. घरात चाळिशीच्या आत कंपवात झालेला रुग्ण असेल, तर तेही पहिल्याच भेटीत सांगा; त्यांच्या बाबतीत जनुकतपासणीचा विचार वेगळा होतो.